डॉ. होमी भाभा आणि खाडीपलीकडची अणुभट्टी

वाशीच्या खाडीपुलावरून मानखुर्दकडे जाताना डाव्या हातास ट्रॉम्बेची टेकडी दिसते. टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या पट्टीत भाभा अणुसंशोधन केंद्र वसले आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असते, पण त्यामागचा मनुष्य क्वचितच ठाऊक असतो. नव्याने दाखल झालेली मुले मात्र दरवर्षी एक प्रश्न न चुकता विचारतात : तिथून काही वाईट आपल्यापर्यंत येते का? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मनुष्याचे चरित्र सांगता सांगता या प्रश्नाचेही उत्तर द्यावे, असे आम्ही ठरविले.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा विलायतेत शिकून आलेले कायदेपंडित होते. घरात ग्रंथांचा मोठा संग्रह, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या आणि चित्रकलेची पुस्तके होती. वडिलांची बहीण मेहेरबाई या जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. या आत्याची हकिकत येथे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. तेव्हा होमी एकवीस वर्षांचे होते आणि केंब्रिजला शिकत होते. पत्नीच्या मृत्यूनंतर दोराबजींच्या मनाने घेतले की, कर्करोगावर रेडियमने उपचार करण्याची सोय हिंदुस्थानात व्हावी. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने मात्र ते काम पुढे नेले आणि १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले.

रेडियम म्हणजे काय, हे समजून घेतले की भाभांच्या पुढील आयुष्याची किल्ली हाती येते. एरवी आपण ज्याला रसायनशास्त्र म्हणतो, त्यातल्या सर्व घडामोडी अणूच्या बाहेरच्या कक्षांतील इलेक्ट्रॉनांच्या असतात. लाकूड जळते, लोखंड गंजते, दुधाचे दही होते; पण कार्बन कार्बनच राहतो आणि लोखंडही लोखंडच. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे जे इवलेसे केंद्रक असते, त्याला या उलाढालीचा स्पर्शही होत नाही. काही मूलद्रव्यांचे केंद्रक मात्र मुळातच अस्थिर असते. ते आपोआप फुटते, किरण बाहेर टाकते आणि दुसऱ्याच मूलद्रव्यात बदलते. यालाच किरणोत्सार म्हणतात. मेरी व पिएर क्युरी यांनी १८९८ साली रेडियमचा शोध लावला आणि मग काही टन खनिज उकळून, विरघळवून, त्याचे पुनःपुन्हा स्फटिक करून १९०२ साली ग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे रेडियमचे क्षार वेगळे केले. मोठमोठ्या कढया आणि ढवळायचा दांडा, असे ते अंगमेहनतीचे काम होते. त्या रेडियमचे किरण कर्करोगाच्या पेशी मारीत. तेच किरण निरोगी मज्जेलाही सोडीत नसत, आणि मेरी क्युरी १९३४ साली मज्जा निकामी होऊनच वारल्या. औषध आणि विष एकाच कुपीत असण्याची ही गोष्ट अणुशास्त्राला जन्मापासून चिकटली आहे.

होमींच्या वडिलांची इच्छा मुलाने यंत्र-अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी होती. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून होमी १९२७ साली केंब्रिजला गेले ते त्याचसाठी. तेथे त्यांचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेऊ लागले. वडिलांना त्यांनी तसे स्पष्ट लिहून कळविले. वडिलांनी अट घातली की, अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवावा, मग हवे ते शिकावे. १९३० साली होमींनी तो मिळविला आणि वडिलांनी शब्द पाळला. पुढील नऊ वर्षांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीसंबंधी त्यांनी मांडलेले गणित आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात शिरताच कणांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ साली दिली. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

तोवर जग पालटले होते. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या दोन रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. बेरियमचा अणू युरेनियमच्या जवळपास निम्म्या वजनाचा. तो तेथे आला कोठून? परागंदा झालेल्या लिझे माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी उलगडा केला की, युरेनियमचे केंद्रक दुभंगले आहे. अशा एका केंद्रकाच्या दुभंगण्यातून निघणारी ऊर्जा कोळशाचा एक अणू जळताना निघणाऱ्या ऊर्जेच्या काही कोटी पट असते. शिवाय दुभंगताना दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि शेजारची केंद्रके फोडतात. ही साखळी आवरून धरली तर अणुभट्टी, मोकाट सोडली तर बाँब. मधला फरक वेगाचा आणि नियंत्रणाचा आहे.

भाभा १९३९ साली सुट्टीसाठी मायदेशी आले होते. युद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. येथेच, आमच्या मते, त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीस पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. काही दशकांत अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राच्या तारखेकडे वाचकांनी लक्ष द्यावे : हिरोशिमावर बाँब पडावयास तेव्हा सोळा-सतरा महिने अवकाश होता. जून १९४५ मध्ये बंगलोरला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि वर्षअखेरीस ती मुंबईस पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली.

ज्या निधीकडे त्यांनी अर्ज केला तो त्यांच्या आत्याच्या यजमानांच्या नावाचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. जी दारे भाभांसाठी अर्धी उघडीच होती, ती आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना बंद सापडतात. या चरित्राशेजारी मेघनाद साहांचे चरित्र ठेवून वाचावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. ढाक्याजवळच्या एका खेड्यातील किराणा दुकानदाराचा हा मुलगा जातीची अवहेलना सोसत जगन्मान्य खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाला. अणुसंशोधन एका केंद्रीय आयोगाच्या कुलपाआड न ठेवता विद्यापीठांतून वाढवावे, असा साहांचा आग्रह होता आणि लोकसभेत त्यांनी तो तडफेने मांडला. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. कायद्याने या विषयाभोवती गुप्ततेची भिंत उभी राहिली आणि साहांचा पक्ष हरला. भाभांनी भिंतीच्या आत पुष्कळ उभारले, हे खरे. पण साहांचा आक्षेप आजही निकाली निघालेला नाही.

भाभांचा आराखडा देशातील खनिजांवर बेतलेला होता. भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल. केरळच्या किनाऱ्यावरील काळपट वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज असते, त्यात ते सापडते. थोरियम स्वतः सहज दुभंगत नाही; परंतु त्याच्या केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की दोन पायऱ्या उतरून त्याचे दुभंगू शकणारे युरेनियम-२३३ होते. म्हणून आधी नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्या, मग त्यांतून निघालेल्या प्लुटोनियमच्या, आणि शेवटी थोरियमच्या, अशा तीन टप्प्यांचा कार्यक्रम त्यांनी १९५४ साली मांडला. तिसरा टप्पा सत्तर वर्षांनंतरही दूरच आहे. मात्र या थोरियमची एक घरगुती बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. अलवाये येथे मोनाझाइट दाहक सोड्यात शिजवून त्यातील थोरियम वेगळे करीत आणि १९५५ पासून ट्रॉम्बेच्या कारखान्यात त्याचे थोरियम नायट्रेट बनत असे. ते कोठे जाई? पेट्रोमॅक्सच्या जाळीत. लग्नाच्या वरातीत आणि गावच्या जत्रेत डोक्यावर धरलेल्या बत्तीचा पांढराशुभ्र उजेड हा त्या जाळीवरील थोरियमच्या भस्माचा असे. आमच्या आजोबांच्या पिढीने ही किरणोत्सारी जाळी हाताने बांधली आहे.

ट्रॉम्बेचे अणुऊर्जा संस्थान जानेवारी १९५४ मध्ये सुरू झाले. त्या वेळी आमची नवी मुंबई कागदावरही नव्हती. सिडकोची स्थापना १९७० सालची. अलीकडच्या काठावर मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे होते. पलीकडच्या काठावर ४ ऑगस्ट १९५६ रोजी आशियातील, सोव्हिएट संघ वगळता, पहिली अणुभट्टी चालू झाली. तिचा गाभा पाण्याच्या खोल हौदात बुडविलेला होता. भट्टी चालू असताना त्या पाण्यातून निळी प्रभा फाके, आणि ती पाहून पंडित नेहरूंनी भट्टीस अप्सरा हे नाव दिले. इंधन ब्रिटनमधून आलेले होते, पण भट्टी येथल्याच माणसांनी बांधली होती. पुढच्याच वर्षी भाभांनी प्रशिक्षण विद्यालय काढले. देशभरातून पदवीधर निवडावेत, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवावे आणि मग संशोधनास लावावे, अशी ही योजना होती. त्यांच्या सर्व कामांत हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते, कारण येथे निवड होण्यासाठी कोणाच्या आत्याचे यजमान टाटा असण्याची गरज नव्हती.

अप्सरेचा आणि १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या सायरस भट्टीचा सामान्य माणसाला झालेला लाभ समस्थानिकांच्या रूपाने आला. एकाच मूलद्रव्याचे, पण केंद्रकात कमीअधिक न्यूट्रॉन असलेले अणू म्हणजे समस्थानिके. रासायनिक वागणूक त्यांची एकच. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी रक्तातले आयोडीन वेचून घेते. ते साधे की किरणोत्सारी, हे तिला कळत नाही. टेल्युरियम भट्टीत ठेवून न्यूट्रॉनांचा मारा केला की आयोडीन-१३१ तयार होते. रोग्याने ते पोटात घेतले की ते नेमके ग्रंथीत जाऊन बसते आणि बिघडलेल्या पेशींना तेथल्या तेथे जाळते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते. दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ संपते. परळ येथे १९६३ साली यासाठी किरणोत्सार वैद्यक केंद्र उघडले. त्याआधी वर्षभर टाटा स्मारक रुग्णालयही अणुऊर्जा विभागाकडे आले होते. आत्याच्या आजारातून उभे राहिलेले रुग्णालय असे भाच्याच्या खात्याखाली आले. भाभांनी याविषयी मनात काय म्हटले असेल, हे ज्याचे त्याने कल्पावे.

त्यांच्या पश्चात हा प्रवाह खाडी ओलांडून आपल्याकडे आला. वाशीच्या ब्रिट या संस्थेतून रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे जातात. तेथेच २००० सालापासून मसाल्यांवर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा करून कीड व बुरशी मारली जाते. असा मसाला खाल्ल्याने आपण किरणोत्सारी होतो, अशी शंका आमच्या भोजनगृहातही निघाली होती. तसे होत नाही. हे किरण जंतूंच्या पेशींतील रासायनिक बंध तोडतात. हळदीच्या अणूंचे केंद्रक हलवण्याइतके बळ त्यांच्यात नसते. दिव्याखाली धरलेली वस्तू जशी स्वतः दिवा होत नाही, तसेच हे आहे. खारघरच्या अॅक्ट्रेक रुग्णालयात कर्करोगावरचे जे देशी कोबाल्ट यंत्र बसविले गेले, त्याचे नावच भाभाट्रॉन.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. किरणोत्सार ट्रॉम्बेहून येण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या प्रत्येकाच्या शरीरातील पोटॅशियमचा एक सूक्ष्म अंश किरणोत्सारी आहे आणि मोठ्या माणसाच्या अंगात त्याची दर सेकंदाला चार हजारांहून अधिक केंद्रके फुटत असतात. जमिनीतून, विटांतून, आकाशातूनही किरण येतच असतात. प्रश्न मात्रेचा आणि राखणीचा आहे. राखण सुटली की काय होते, ते २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात दिसले. मोडीत काढलेल्या एका यंत्रातील कोबाल्ट-६० तेथील कामगारांनी नकळत कापले आणि त्यात एकाचा जीव गेला. भंगार उचकणारे हात गरिबाचेच असतात, म्हणून तीन पात्यांच्या त्या पिवळ्या खुणेची ओळख आम्ही पाचवीपासून करून देतो.

भाभांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रकरण अजून राहिले आहे. भट्टीत जळालेल्या युरेनियममध्ये थोडे प्लुटोनियम तयार झालेले असते. ते इंधन नत्राम्लात विरघळवितात आणि केरोसीनसारख्या तेलात मिसळलेल्या ट्रायब्यूटिल फॉस्फेटबरोबर घुसळतात. युरेनियम व प्लुटोनियम तेलात जातात, बाकीची घातक राख आम्लातच राहते. सारे काम जाड काँक्रीटच्या भिंतीआड, दुरून चालते. हा कारखाना होमी सेठना यांच्या देखरेखीखाली भारतीय अभियंत्यांनी ट्रॉम्बेस उभारला आणि तो १९६४ साली सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने अणुबाँबची चाचणी केली. काही दिवसांतच भाभांनी आकाशवाणीवर भाषण करून बाँबला लागणाऱ्या खर्चाचे फार थोडके आकडे मांडले. भट्ट्या आणि कारखाने यांचा खर्च त्यांत धरलेला नव्हता. त्याच भाषणात त्यांनी निःशस्त्रीकरणाचीही मागणी केली. १९५५ साली जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारा हाच मनुष्य होता. या दोहोंचा मेळ आम्हांस घालता येत नाही आणि तो ओढूनताणून घालण्याची आमची इच्छाही नाही. सायरसमध्ये तयार झालेले प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळूखाली फुटले. त्या स्फोटाला भगवंताच्या स्मिताचे नाव चिकटले. तेव्हा भाभा जाऊन आठ वर्षे झाली होती. त्या नावाचा दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु दरवर्षी पौर्णिमेला वंदना घेताना ते नाव आम्हांस आठवते आणि सलते.

मनुष्य म्हणून भाभा कलासक्त होते. ते उत्तम रेखाचित्रे काढीत, संगीतावर जीव टाकीत. ते अविवाहित राहिले. कुलाब्याच्या संस्थेत त्यांनी मकबूल फिदा हुसेन यांच्याकडून भव्य भित्तिचित्र करवून घेतले. इमारतीच्या आड झाड आले तर तोडण्याऐवजी ते मुळांसकट उचलून दुसरीकडे लावावे, असा त्यांचा दंडक होता. तारापूरच्या वीजकेंद्राचे काम त्यांच्या हयातीत सुरू झाले आणि १९६९ साली तेथून वीज वाहू लागली. पुढे त्याच केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. माणसे झाडांइतक्या सहजपणे दुसरीकडे रुजत नाहीत.

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला लालबहादुर शास्त्री गेले. तेरा दिवसांनी, २४ जानेवारीस, भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नास निघाले असता त्यांचे एअर इंडियाचे विमान जिनिव्हाजवळ माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेस भाभांचे नाव देण्यात आले.

मलबार हिलवरील त्यांचे मेहेरांगीर हे घर २०१४ साली लिलावात विकले गेले आणि नंतर पाडण्यात आले. अप्सरा २००९ साली थांबविली गेली, सायरस २०१० च्या अखेरीस. अप्सरेच्या जागी नव्याने बांधलेली अप्सरा-यू १० सप्टेंबर २०१८ रोजी चालू झाली. तिचे इंधन आता ब्रिटनहून येत नाही; ते येथेच बनते, आणि रुग्णालयांसाठी समस्थानिके तयार करणे हे तिच्या मुख्य कामांपैकी एक आहे.